जवळ्याची वाढ आणि उत्पादन कसं मोजावं: जाळ्यापासून आकड्यापर्यंत

जवळ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात तेव्हा मी आधी शेवटचा तक्ता उघडतो आणि एकच गोष्ट बघतो: उत्पादन म्हणून लिहिलेला आकडा नक्की कशाचा आहे? बऱ्याचदा तो पकडीचा असतो. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) किनाऱ्यावर उतरवलेल्या टोपल्यांचं वजन ही पकड. एखाद्या दिवशी पाण्यात असलेल्या जवळ्याचं वजन हा जैवभार. ठरावीक काळात जवळ्याने अंगावर चढवलेलं सगळं नवं वजन म्हणजे उत्पादन, आणि मधल्या काळात जो जवळा बोंबलाच्या पोटात गेला, त्याने मरण्याआधी चढवलेलं वजनही त्यात धरायचं असतं. हे तीन आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

दुसरी चूक क्रमाची. नमुने गोळा झाले की लगेच संगणकावर वाढीची वक्ररेषा बसवायला घेतात. सॉफ्टवेअर काहीतरी रेषा देतंच. पण आधी कोहॉर्ट (एकाच सुमारास जन्मलेल्या जवळ्यांची तुकडी), मग वाढ, मग उत्पादन हा क्रम मोडला तर शेवटच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पुढचं सगळं ॲसेटिस इंडिकस, म्हणजे मुंबईच्या डोल जाळ्यात येणारा नेहमीचा जवळा, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मायसिड, ॲम्फिपॉड या इतर छोट्या कवचधारी प्राण्यांनाही हाच क्रम लागू पडतो. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचं तंत्र मात्र वेगळं. त्यांच्या नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेल्या अळीच्या) ६ आणि त्यानंतरच्या कोपेपोडाइटच्या ६ अवस्था मोजता येतात आणि प्रौढ झाल्यावर ते कात टाकणं थांबवतात.

## १. एकक आधी ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. वजन ओलं, कोरडं की राखरहित कोरडं? घनता दर १००० घनमीटर पाण्यामागे की दर चौरस मीटर क्षेत्रामागे? उत्पादन एका कोहॉर्टचं की वर्षभराचं? हे शेवटी ठरवू म्हटलं की निम्मे नमुने ओले तोललेले आणि निम्मे वाळवलेले निघतात. माझा सल्ला: कोरडं वजन, दर १००० घनमीटर, आणि आधी एका कोहॉर्टपुरतं.

## २. तारखा तिथीवरून धरा

महिन्यातून एक नमुना जवळ्याला पुरत नाही. त्याचं आयुष्य काही महिन्यांचं. दोन नमुन्यांमध्ये ३० दिवस गेले तर मधली लहान तुकडी नजरेआड मोठी होऊन जाते. पंधरवड्याला एक नमुना हवाच.

हा पंधरवडा चंद्राशी बांधून घ्या. डोल हे प्रवाहाच्या जोरावर उभं राहणारं जाळं. पहिल्यांदा गेलो तेव्हा तांडेलकाकांनी सरळ सांगितलं, "उधाणाला या. भांगेला येऊन काय बघणार?" (उधाण म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस, भांग म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचे.) पौर्णिमा आणि अमावास्येनंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस धरला की दर वेळी प्रवाह साधारण सारख्या जोराचा मिळतो. वेळही तीच ठेवा: ओहोटीला सुरुवात केली तर कायम ओहोटी, दिवसा तर कायम दिवसा. जवळा दिवसरात्रीप्रमाणे पाण्यात वरखाली होतो. एकदा सकाळी, एकदा रात्री नमुना घेतला तर घनतेतला तो फरक तुम्ही मृत्यू समजून बसाल.

तपासा: दोन नमुन्यांमधलं अंतर कधी १४ दिवस निघेल, कधी १६. हिशेबात प्रत्यक्ष दिवस घाला, सगळीकडे १५ लिहू नका.

पावसाळ्याचं नियोजन आधीच करा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे ज्या होडीवर तुमची भिस्त आहे ती नांगरलेली असेल. खाडीत वल्ह्याच्या होडीवरून छोटं जाळं लावता येत असेल तर तेच ठिकाण वर्षभर चालवा. नाहीतर आलेखात तेवढी जागा मोकळी सोडा. मे आणि ऑगस्टचे बिंदू रेघेने जोडले की त्या रेघेला वाढ समजलं जातं, आणि ऑगस्टमधला जवळा बहुधा मे महिन्यातला नसतोच.

## ३. नमुन्याला दोन जाळी लागतात

डोलीच्या खोल्यातून (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतून) लहान पिल्लं निसटतात. म्हणून फक्त बाजारात उतरलेल्या जवळ्यावर काम केलं तर लहान मापं जवळजवळ दिसतच नाहीत, सरासरी लांबी फुगते आणि वाढ मंद वाटते. डोलीचा किंवा बोक्षीचा (लहान पिशवीजाळ्याचा) नमुना मोठ्या मापांसाठी घ्या, आणि त्याच वेळी बारीक आसाचं (भोकांचं) स्वतःचं छोटं जाळं लहान मापांसाठी लावा. आणखी चांगला उपाय म्हणजे काही फेऱ्यांना (जाळं एकदा लावून काढणं म्हणजे एक फेरी) खोल्यावर बारीक जाळ्याचं आवरण चढवणं. आत किती राहिलं आणि आवरणात किती सापडलं, याची मापवार तुलना केली की कोणत्या लांबीपासून जाळं भरवशाचं आहे ते कळतं. त्याखालची मापं हिशेबात धरायची नाहीत.

घनतेसाठी किती पाणी गाळलं ते माहीत असावं लागतं. जाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले प्रवाहाचा वेग गुणिले वेळ. तोंडाचा व्यास ०.६ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. सेकंदाला ०.५ मीटर प्रवाहात १० मिनिटं लावलं तर सुमारे ८५ घनमीटर पाणी गाळलं जातं. हा आकडा जाळं स्वच्छ असेल तेव्हाचा. जेलीफिश किंवा गाळाने आस बुजले की पाणी तोंडाशी अडतं आणि बाजूने निघून जातं, म्हणून फ्लोमीटर (वाहून गेलेलं पाणी मोजणारं यंत्र) जाळ्याच्या तोंडातच, मध्यापासून थोडा बाजूला लावा.

इशारा: प्रत्येक भेटीत किमान ३ वेगळ्या फेऱ्या घ्या आणि त्यांच्या बरण्या वेगळ्या ठेवा. एकाच फेरीतले ५०० जवळे म्हणजे ५०० स्वतंत्र नमुने नव्हेत. जवळा थव्याने फिरतो, आणि एक फेरी म्हणजे एका थव्याची गाठ.

## ४. जतन: इथे चुकलं तर पुढे दुरुस्ती नाही

लांबीसाठी ठेवायचा जवळा ४ ते ५ टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवा, आणि ते बोरॅक्स घालून उदासीन केलेलं असू द्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या बरण्या मी तसंच फॉर्मालिन ओतून कपाटात ठेवल्या होत्या. चार महिन्यांनी एक जवळा चिमट्याने उचलला तर कवच ओल्या कागदासारखं मऊ, आणि डोक्यावरचा काटा चिमट्यालाच चिकटून आला. आम्लाने कवचातला चुना खाल्ला होता. तो सगळा हंगाम फुकट गेला.

वजनासाठी वेगळा नमुना बर्फात आणा आणि गोठवा. अल्कोहोलमधला जवळा वजनाला वापरू नका, कारण अल्कोहोल चरबी ओढून घेतो आणि अंग आक्रसतं. जतनामुळे लांबी किती बदलते ते एकदा स्वतः मोजा: ५० ताजे जवळे मोजा, प्रत्येक वेगळ्या कुपीत ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा.

## ५. ओळख आणि नर-मादी

खोल्यात जवळ्याबरोबर करंदी, अंबाड, कोळंबीची पिल्लं असं सगळं येतं. भिंगाखाली चालायचे पाय मोजा. जवळ्याला पायांच्या तीनच जोड्या असतात, चौथी आणि पाचवी जोडी नसते. कोळंबीच्या पिल्लाला पाच असतात. एवढी एक खूण लावली तरी मोठी भेसळ निघून जाते. जवळ्यातही ॲसेटिसच्या एकाहून जास्त जाती मिसळतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग नर-मादी. नराच्या पहिल्या पोहण्याच्या पायांवर पेटास्मा (समागमाचा अवयव) असतो आणि छोट्या मिशीच्या खालच्या दोरीवर पकडीचा अवयव असतो. मादीला दोन्ही नसतं. मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, ४० मिलिमीटरपर्यंत जाते.

इशारा: नर आणि मादी एकत्र मोजले तर लांबीच्या आलेखात दोन शिखरं दिसतात. त्यांना दोन कोहॉर्ट समजणं ही मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे. ज्या पिल्लांचं लिंग ठरत नाही त्यांचा तिसरा गट करा.

## ६. मोजणी

बादलीतून वरचा मूठभर जवळा उचलू नका. मोठे आणि जड खाली बसतात. बादली ढवळून पसरट ट्रेमध्ये ओता, चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, घेतलेल्याचे पुन्हा चार भाग करा. फोल्सम विभाजक (नमुन्याचे दोन सारखे भाग करणारं उपकरण) असेल तर उत्तमच. किती वेळा निम्मं केलं ते त्याच क्षणी लेबलवर लिहा. चार वेळा निम्मं केलं असेल तर मोजलेली संख्या १६ ने गुणायची आहे, आणि संध्याकाळपर्यंत चारदा की पाचदा हे आठवत नाही.

एका तारखेला प्रत्येक लिंगाचे किमान २०० ते ३०० मोजा. एकूण लांबी, म्हणजे काट्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मोजायला सोपी वाटते. पण जतन केलेला जवळा वाकलेला असतो आणि काटा तुटलेला. डोळ्याच्या खाचेच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंतची कवच-लांबी जास्त भरवशाची. दोन्ही १०० जणांवर मोजून त्यांचं समीकरण एकदा बसवून ठेवा.

तपासा: सूक्ष्मदर्शकाचं मोठेपण बदललं की नेत्रिकेतली पट्टी पुन्हा प्रमाणित करावी लागते. दर २० जवळ्यांमागे एक जवळा दुसऱ्या माणसाकडून, पहिला आकडा न दाखवता, मोजून घ्या.

## ७. लांबीवरून वजन

गोठवलेला जवळा ऊर्ध्वपातित पाण्यात चटकन बुडवून मीठ काढा. भिजत ठेवू नका. ६० अंश सेल्सिअसला, सलग दोन तोलांत वजन तेच येईपर्यंत वाळवा. राखरहित वजन हवं असेल तर ५०० ते ५५० अंशाच्या भट्टीत जाळून राख वजा करा.

मुंबईच्या हवेत खरी अडचण यानंतर येते. जुलैच्या दुपारी वाळवलेला जवळा डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढून तराजूवर ठेवा आणि काट्याकडे बघत रहा. शेवटचा अंक चढत जातो, थांबत नाही. जवळा हवेतली ओल पितो आहे. डेसिकेटरमधलं ओल शोषणारं सिलिका जेल निळं असलं पाहिजे. फार लहान पिल्लं एकेकटी तोलू नका, एकाच मापाची १०-२० एकत्र तोला आणि प्रत्येक नमुन्याचा वेळ ठरावीक ठेवा.

मग लांबी आणि वजन दोन्हींचा लॉग घेऊन सरळ रेषा बसवा, नर-मादीची वेगळी. त्या रेषेत तुमच्या सगळ्या मापांचे जवळे असले पाहिजेत. १८ ते ३० मिलिमीटरवर बसवलेली रेषा ८ मिलिमीटरच्या पिल्लाला लावली तर त्याचं वजन म्हणजे कल्पना. लॉगमधून मागे येताना वजन थोडं कमी पडतं. त्याची दुरुस्ती रेषेच्या उरलेल्या विचलनावरून करता येते, ती करा.

सरासरी लांबीचं वजन म्हणजे सरासरी वजन नव्हे. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं असं धरा. १० आणि २० मिलिमीटरचे दोन जवळे असतील तर सरासरी लांबी १५, तिचा घन ३३७५. पण दोघांच्या घनांची सरासरी (१००० + ८०००) ÷ २ = ४५००. पहिल्या रीतीने एक चतुर्थांश वजन हरवलं. आधी प्रत्येकाचं वजन काढा, सरासरी नंतर.

## ८. कोहॉर्ट वेगळे करणं

सगळं काम या पायरीवर उभं आहे, त्यामुळे इथे घाई नको.

१ मिलिमीटरचे वर्ग करा, प्रत्येक लिंगाचा आणि प्रत्येक तारखेचा वेगळा आलेख काढा, आणि कागदावर एकाखाली एक चिकटवा. संगणकाच्या आधी डोळ्यांनी बघा. ३ मिलिमीटरचे वर्ग केले तर दोन तुकड्या एकात मिसळतात. अर्ध्या मिलिमीटरचे केले तर प्रत्येक दातेरी टोक शिखर वाटतं. पेन्सिलीने लहान मापाच्या शिखरापासून सुरुवात करा आणि पुढच्या तारखेला ते कुठे सरकलं ते जोडा.

आपल्या उबदार पाण्यात जवळ्याची पिल्लं वर्षातल्या बऱ्याच काळात येत राहतात. त्यामुळे असं होतं: शिखर तीन पंधरवडे २२ मिलिमीटरवरच. विद्यार्थी लिहितो, "या काळात वाढ थांबली." वाढ थांबलेली नसते. मोठे मरतात किंवा पकडले जातात, खालून लहान येऊन त्यांची जागा घेतात, आणि शिखर तिथेच दिसतं. रेल्वे स्टेशनच्या पुलावरची गर्दी दिवसभर तेवढीच दिसते, म्हणून माणसं तिथेच उभी आहेत असं आपण म्हणत नाही. अशा वेळी शिखराच्या डाव्या उतारावर नवा खांदा दिसतो का ते बघा.

शिखरं वेगळी करायला भट्टाचार्य यांची १९६७ची पद्धत अजूनही चांगली. लागोपाठच्या वर्गांतल्या संख्यांच्या लॉगमधला फरक घ्यायचा, जिथे बिंदू खाली उतरत्या सरळ रेषेत येतात तिथे एक तुकडी. दोन शेजारच्या तुकड्यांचा विभाजन निर्देशांक (सरासऱ्यांमधला फरक भागिले दोघांच्या प्रमाण विचलनांची सरासरी) २ पेक्षा कमी आला तर त्या वेगळ्या करायच्या नाहीत, मनाला कितीही वाटलं तरी.

तपासा: तुमचा कोहॉर्ट पुढच्या तारखेला लहान झालेला दिसतो का? किंवा त्याची संख्या वाढलेली? एखाद्या वेळी थव्यामुळे असं होतं. दोनदा झालं तर तुम्ही दोन वेगळ्या तुकड्या एकाच रेघेने जोडल्या आहेत.

## ९. वाढीचा दर, आणि त्याची पडताळणी

कोहॉर्टची सरासरी वजनं हातात आली की रोजचा दर सोपा: दुसरं वजन भागिले पहिलं, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस. ३ मिलिग्रॅमचा जवळा १५ दिवसांत ५ मिलिग्रॅम झाला तर ०.५११ ÷ १५ = ०.०३४, म्हणजे रोज साधारण ३.४ टक्के. वय वाढेल तसा हा दर उतरला पाहिजे. बर्टलान्फी समीकरण (वयाबरोबर लांबी कशी वाढत जाऊन एका मर्यादेपाशी मंदावते ते सांगणारं) बसवायचं असेल तर या टप्प्यावर बसवा. त्यातली अनंत लांबी, म्हणजे ती मर्यादा, तुमच्या सर्वांत मोठ्या जवळ्यापेक्षा खूप मोठी आली तर 'के' हा वाढीचा गुणांक तेवढाच खोटा लहान आला आहे, कारण ही दोन मूल्यं एकमेकांना ओढतात.

माशाच्या कानातल्या खड्यासारखी वयाची खूण जवळ्यात मिळत नाही, आणि कात टाकताना जुनं कवच जातंच. म्हणून स्वतंत्र पडताळणी हवी, आणि ती कातीनेच करता येते. क्रिलवर (जवळ्यासारख्याच दिसणाऱ्या समुद्री प्राण्यावर) काम करणारे ही रीत वापरतात. ५ मिनिटांच्या छोट्या फेरीतला, मिशा शाबूत असलेला जवळा एकेकटा बरणीत ठेवा, रोज ठरलेल्या वेळी बघा. कात पडली की कातीच्या शेपटीचा पंखा आणि त्याच जवळ्याचा नवा पंखा मोजा. समजा १०० पैकी रोज २० जण कात टाकतात, तर दोन कातींमधला काळ ५ दिवस. एका कातीला लांबी ४ टक्के वाढली तर वजन १.०४ चा घन, म्हणजे १.१२५ पट. त्याचा लॉग ०.११८, भागिले ५, रोजचा दर ०.०२४. हा दर आणि कोहॉर्टचा दर जवळपास आले तर तुमची पेन्सिलीची रेघ बरोबर होती.

इशारा: फक्त पहिल्या ४-५ दिवसांतल्या काती धरा. बरणीत उपाशी राहिलेला जवळा कात टाकून आखूडही होतो.

## १०. उत्पादन

समजावण्यापुरता एक कोहॉर्ट घेऊ, दर १००० घनमीटरमागे. पहिल्या दिवशी ४०० जवळे, प्रत्येकी ३ मिलिग्रॅम. १५ व्या दिवशी २६०, ५ मिलिग्रॅम. ३० व्या दिवशी १५०, ८ मिलिग्रॅम. ४५ व्या दिवशी ८०, ११ मिलिग्रॅम.

प्रत्येक टप्प्यात सरासरी संख्या गुणिले वजनातली वाढ. ३३० × २ = ६६०. २०५ × ३ = ६१५. ११५ × ३ = ३४५. एकूण १६२० मिलिग्रॅम. जैवभार मात्र १२००, १३००, १२००, ८८० असा जवळजवळ जागच्या जागी. फक्त जैवभार बघणाऱ्याला इथे काहीच घडलेलं दिसत नाही.

आता दुसऱ्या रीतीने पडताळा: वाढीचा लॉग गुणिले त्या टप्प्याचा सरासरी जैवभार. ०.५११ × १२५०, ०.४७० × १२५०, ०.३१८ × १०४०, बेरीज सुमारे १५५७. दोन्हींत ४ टक्क्यांचा फरक, ठीक आहे. फरक मोठा आला तर आधी एककं आणि दिवस तपासा.

उत्पादन भागिले सरासरी जैवभार, १६२० ÷ ११८०, म्हणजे १.३७. हे ४५ दिवसांचं गुणोत्तर आहे. त्याला ३६५ ÷ ४५ ने गुणून वार्षिक म्हणू नका. वर्षातले सगळे कोहॉर्ट वेगळे मोजून बेरीज करायची असते. पहिल्या दिवसाचे १२०० मिलिग्रॅम जाळ्यात येण्याआधी तयार झालेले आहेत. ते धरले की नाही हे तक्त्याखाली लिहा. मादीने पाण्यात सोडलेली अंडी आणि टाकलेल्या काती हेसुद्धा उत्पादनच, आणि वरच्या हिशेबात ते नाही, हेही लिहा. मायसिड आणि ॲम्फिपॉड पिल्लं पोटाशी पिशवीत बाळगतात, तिथे आईला तोलण्याआधी पिशवी रिकामी करावी लागते.

कोहॉर्ट वेगळे निघालेच नाहीत तर हाइन्स यांच्या माप-संख्या पद्धतीकडे जा. वर्षभराच्या सरासरीत एका मापवर्गातून पुढच्यात जाताना किती जण घटले ते काढा, मधल्या वजनाने गुणा, बेरजेला वर्गांच्या संख्येने गुणा. मग ३६५ भागिले वाढीचा काळ, ही दुरुस्ती लावा. जन्मापासून सर्वांत मोठ्या मापापर्यंत १५० दिवस लागत असतील तर २.४३ ने गुणायचं. ही दुरुस्ती विसरली की काही महिने जगणाऱ्या प्राण्याला आपण वर्षभर जगवतो. सर्वांत लहान वर्गांत ऋण आकडा आला तर तो बहुधा जाळ्यातून निसटलेल्या पिल्लांचा, तो शून्य धरा. मधल्या वर्गांतला ऋण आकडा तसाच ठेवा. नर-मादीचे तक्ते इथेही वेगळेच.

## ११. आकड्याची रुंदी

एकच आकडा देऊ नका. फेऱ्यांची यादी घ्या, त्यातून परत परत चिठ्ठ्या उचलल्यासारख्या फेऱ्या निवडा, प्रत्येक वेळी सातव्या पायरीपासून दहाव्यापर्यंतचा हिशेब नव्याने करा, असं १००० वेळा. मधले ९५ टक्के आकडे कुठून कुठपर्यंत पसरले ते लिहा. निवड फेऱ्यांची करायची, सुट्या जवळ्यांची नाही. सुटे जवळे निवडले तर पट्टा फसवा अरुंद येतो. पट्टा इतका रुंद आला की दोन ऋतूंतला फरक त्यात बुडतो, तर पुढच्या हंगामात प्रत्येक तारखेला ३ च्या जागी ५ फेऱ्या लावा आणि प्रत्येक फेरीतले मोजायचे जवळे कमी करा. श्रम तेवढेच लागतात.